ड्रायवॉल चढवण्याआधी

पत्राचा गोषवारा: उत्तर व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचकाने चार वर्षांपूर्वी स्वतंत्र घर घेतले. त्या घराचे बेसमेंट बिल्डरने अपुरेच सोडले होते. ऑक्टोबरमध्ये सांगलीहून आईवडील सहा महिन्यांसाठी येणार आहेत, म्हणून खाली त्यांच्यासाठी एक झोपण्याची खोली, बाथरूम आणि आईला वेगळा चहा-नाश्ता करता यावा इतका ओटा करून घ्यायचे ठरले. ओळखीतून मिळालेल्या एका हॅन्डीमनने, म्हणजे घरातली लहानमोठी कामे करणाऱ्या कारागिराने, काम सुरू केले. फ्रेमिंग, म्हणजे भिंतींचा लाकडी सांगाडा, उभे राहिले, वायरी ओढून झाल्या आणि तो सांगाडा झाकणारे ड्रायवॉलचे बोर्ड गॅरेजमध्ये येऊन पडले. त्यानंतर पत्नीने विचारले, “याचे परमिट कुठे आहे?” हॅन्डीमनचे म्हणणे असे की घराच्या आतल्या कामाला कोणी विचारत नाही, आणि हवेच असेल तर परमिट मालकाने स्वतःच्या नावावर काढावे. वडिलांनी फोनवर सांगितले, “आधी बांधून घे, पुढे दंड भरून नियमित करून घेता येते.” आता अर्ज केला तर आपणच चूक कबूल केल्यासारखे होईल, ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असताना नसते लचांड मागे लागेल आणि घराचा करही वाढेल, अशी वाचकाला भीती वाटते. काम गुपचूप पूर्ण करावे की काउंटीकडे बांधकामाच्या परमिटसाठी अर्ज करावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात परमिट हा शब्द बऱ्याच वेळा आला आहे, पण खिडकी हा शब्द एकदाही आलेला नाही. बेसमेंट पूर्णपणे जमिनीखाली आहे, मागच्या अंगणात उघडणारे दार नाही आणि भिंतीत छताजवळ दोन लहान झडपा आहेत, एवढे तुम्ही लिहिले आहे. त्या खोलीत तुमचे आईवडील झोपणार आहेत. मध्यरात्री जिन्याच्या तोंडाशी धूर भरला, तर ते बाहेर कुठून पडतील? मला हा प्रश्न आधी सोडवावासा वाटतो, कारण परमिटचा बराचसा खटाटोप याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

व्हर्जिनियाची बांधकाम संहिता ज्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेवर आधारलेली आहे, तिच्यानुसार झोपण्याच्या प्रत्येक खोलीला थेट बाहेर उघडणारी सुटकेची खिडकी किंवा दार लागते. जमिनीच्या पातळीखालच्या खिडकीला पूर्ण उघडल्यावर किमान ५ चौरस फूट मोकळी जागा मिळाली पाहिजे. उंची २४ इंचांपेक्षा आणि रुंदी २० इंचांपेक्षा कमी नसावी, आणि खिडकीचा खालचा काठ खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नसावा. येथे पुष्कळ जण फसतात. चोवीस बाय वीसची खिडकी घेतली की नियम पाळला गेला असे त्यांना वाटते, पण गुणाकार करून पाहा, ते जेमतेम ३.३३ चौरस फूट भरते. चोवीस इंच उंची ठेवायची तर रुंदी तीस इंच लागेल. शिवाय खिडकीबाहेर माती असल्यामुळे तिथे विहीर, म्हणजे खिडकीसमोर मोकळा खड्डा, खोदावी लागते, तिचे क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट असावे लागते, आणि ती ४४ इंचांहून खोल असेल तर तिच्यात कायमची शिडी लागते. अग्निशमन दलाचा जवान पाठीवर टाकी घेऊन आत उतरू शकेल आणि सत्तरीतला माणूस बाहेर चढू शकेल, असा या मापांमागचा हिशेब आहे.

तुमच्या हॅन्डीमनने अशी खिडकी सुचवली नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. पायाची काँक्रीटची भिंत कापणे, वरचा भार तोलणारी तुळई बसवणे, बाहेर खोदाई करणे, पाण्याचा निचरा करणे हे गुपचूप होणारे काम नव्हे. परमिट टाळायचे ठरले की खिडकी आपोआप टळते. तुम्हाला एक कागद वाचवल्यासारखे वाटते, पण त्या कागदाबरोबर सुटकेची वाटही गेलेली असते.

आता तुमच्या वडिलांच्या सल्ल्याकडे वळू. त्यांचा अनुभव खोटा नाही. आपल्याकडे गुंठेवारीच्या जागा नियमित करण्यासाठी २००१ साली स्वतंत्र कायदाच झाला, आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वर्षानुवर्षे नांदणाऱ्या इमारती प्रत्येकाने पाहिल्या आहेत. नगरपालिकेचा माणूस अडवायला येतो, त्याची समजूत काढायची आणि उरलेले दंडावर भागवायचे, ही शहाणीव त्या व्यवस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाकडे असणारच. फेअरफॅक्समध्येही झालेल्या कामासाठी मागाहून परमिट मागता येते. पण तिथे पैसे भरून विषय मिटत नाही. भिंतीच्या आत काय आहे ते तपासनिसाला पाहावे लागते आणि त्यासाठी रंगवलेली, दिवे लावलेली भिंत फोडावी लागते. एकदा खोली फोडून पुन्हा बांधायची, हा खरा दंड असतो.

म्हणूनच तुमच्या पत्नीने योग्य वेळी प्रश्न विचारला असे मी म्हणतो. वायरी दिसत आहेत, लाकूड उघडे आहे, बाथरूमचे पाइप हाताला लागत आहेत. यापेक्षा स्वस्तात थांबण्याचा क्षण या कामात पुन्हा येणार नाही.

तपासणीत नेमके काय पाहतात, हे मी आमच्याच घराच्या उदाहरणावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बेसमेंट करून घेतले तेव्हा ड्रायवॉल लावण्यापूर्वीच्या तपासणीला, ज्याला इकडचे कारागीर क्लोज-इन म्हणतात, एक वयस्क इन्स्पेक्टर आले. ते टॉर्च घेऊन प्रत्येक उभ्या लाकडापाशी थांबत होते. एका ठिकाणी त्यांनी वायरीच्या भोकात करंगळी घातली, अंगठा लाकडाच्या कडेवर ठेवला आणि मला बोलावले. भोक कडेपासून सव्वा इंचाच्या आत पडले होते. उद्या ड्रायवॉलचा स्क्रू थेट वायरीत गेला असता. तिथे पोलादाची एक छोटी पट्टी ठोकायची, एवढाच उपाय होता. नंतर त्यांनी भिंत आणि छत मिळतात ती फट दाखवली, जिच्यातून आग एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत चढते आणि जी लाकडाने किंवा खनिज लोकरीने बंद करावी लागते. दुसऱ्या तपासणीत आम्ही पास झालो. पहिल्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

अर्ज करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, या तुमच्या समजुतीबद्दल सांगायचे तर कायद्यात तरतूद आहे हे खरे. बांधकाम संहितेचा भंग हा व्हर्जिनियात सौम्य स्वरूपाचा गुन्हा ठरू शकतो आणि त्यासाठी २,५०० डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे. पण संहितेची वाट अशी आहे की आधी लेखी सूचना देतात, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत देतात, आणि त्यानंतरही न ऐकणाऱ्यावर पुढची कारवाई होते. कोणी तक्रार करण्याच्या आधी स्वतःहून काम थांबवून परमिट मागणारा घरमालक आणि सूचनेकडे काणाडोळा करणारा घरमालक यांना एका मापाने मोजू नका. ग्रीन कार्डाविषयीची धाकधूक उरतच असेल, तर तुमचे इमिग्रेशनचे काम पाहणाऱ्या वकिलांना एक इमेल टाका. ती शंका माझ्या किंवा हॅन्डीमनच्या शब्दावर सोडून देऊ नका. मला एवढेच दिसते की अर्ज केल्याने जोखीम कमी होते आणि लपवल्याने ती घर विकेपर्यंत, किंबहुना विकल्यानंतरही, मागे राहते.

हॅन्डीमनची “तुमच्या नावावर काढा” ही सूचना मात्र मला सर्वांत जास्त खटकली. व्हर्जिनियात मालकाला स्वतःच्या घरासाठी परमिट काढता येते आणि स्वतः काम करणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम आहे. पण तसे करताना आपल्याला कॉन्ट्रॅक्टरचा परवाना का लागत नाही याचे निवेदन मालकाने सहीनिशी द्यायचे असते, आणि काम संहितेनुसार होण्याची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येते. दुसऱ्याने केलेल्या कामासाठी ती सही तुम्ही का करावी? कॉन्ट्रॅक्टरकडे राज्याच्या व्यवसाय नियमन विभागाचा, म्हणजे डीपीओआरचा, परवाना आहे की नाही हे त्या विभागाच्या संकेतस्थळावर नाव घालून कोणालाही पाहता येते. परवानाधारकाने फसवले आणि न्यायालयाने तसा निकाल दिला, तर नुकसान भरून काढण्यासाठी राज्याचा एक निधी आहे; विनापरवाना माणसाच्या बाबतीत ते दार बंद असते. तो ओळखीचा आहे, मंडळाच्या गणपतीला भेटतो, हे सगळे मान्य. त्याला अपमान न वाटेल अशा शब्दांत परवाना क्रमांक विचारा. क्रमांक असेल तर त्याच्याच नावावर परमिट निघेल. नसेल तर झालेल्या कामाचे पैसे चुकते करून तिथेच थांबा, आणि वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

कराची भीती तेवढीशी मोठी नाही. काउंटी दरवर्षी १ जानेवारीची किंमत धरून घरांचे मूल्यांकन करते आणि कराचा दर शंभर डॉलरमागे एक डॉलर आणि काही सेंट असा असतो. समजा, बेसमेंटमुळे मूल्यांकन तीस हजारांनी वाढले, तर वर्षाला साधारण साडेतीनशे डॉलर जास्त जातील. महिन्याला तीस डॉलरही होत नाहीत. त्यासाठी आईवडिलांना बिनखिडकीच्या खोलीत झोपवायचे का, हे तुम्हीच ठरवा.

ओट्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण काउंटीच्या नजरेत तो वेगळ्याच खात्याचा आहे. सिंक, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असलेला कट्टा ही एक गोष्ट. पण तिथे स्वयंपाकाची शेगडी आली की झोपण्याची खोली, बाथरूम आणि स्वयंपाकघर मिळून ते घरातले दुसरे घर होऊ लागते. मग झोनिंगचे, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारे, नियम लागू होतात, आणि मालकाने स्वतः त्या वास्तूत राहिले पाहिजे अशा अटींसह वेगळी मंजुरी घ्यावी लागते. या विषयावर मित्रांकडून मिळणारी माहिती जपून वापरा. काउंटीने २०२१ मध्ये झोनिंगचे नियम नव्याने लिहिले, ते ऑनलाइन बैठकीत मंजूर केल्याच्या कारणावरून व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये रद्द ठरवले, आणि मे महिन्यात काउंटीने ते पुन्हा मंजूर केले. त्यामुळे कोणाचा सल्ला कोणत्या काळातला आहे हे सांगणे अवघड असते. अर्जाआधी झोनिंगच्या कर्मचाऱ्यांना लेखी विचारा. आणि शेगडी आईने मागितली होती की तुम्हीच ठरवले? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक आयांना इकडे आल्यावर मुलाच्या स्वयंपाकघराचा ताबा हवा असतो. खालच्या शेगडीवर एकटीने चहा करत बसायला त्या साता समुद्रापार येत नाहीत.

याच ओघात आणखी एक विचारतो. वडिलांचे गुडघे दुखतात आणि रात्री त्यांना दोनदा उठावे लागते, असे तुम्ही एका ओळीत लिहून गेला आहात. मग त्यांची सोय तेरा पायऱ्या खाली का? तुमच्या तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे, तिला खिडकी आहे, शेजारी अर्धे, म्हणजे अंघोळीची सोय नसलेले, बाथरूम आहे. तिथे पलंग टाकायला कोणतेही परमिट लागत नाही. अंघोळीसाठी मात्र या सहा महिन्यांत जिना चढावा लागेल, ती अडचण मी नाकारत नाही. पण ऑक्टोबरची घाई त्यामुळे संपते, आणि बेसमेंट हे मुलांच्या खेळण्याची जागा आणि तुमचे ऑफिस म्हणून सावकाश करता येते. खाली झोपण्याची खोलीच नसेल, तर अस्तित्वात असलेल्या बेसमेंटमध्ये नवी सुटकेची खिडकी बहुधा सक्तीची राहत नाही. मात्र हे आराखडा तपासणाऱ्याकडून पक्के करून घ्या. नकाशावर “ऑफिस” लिहून आत पलंग टाकायचा, ही युक्ती तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो: धुराला नकाशा वाचता येत नाही.

एवढे सगळे होऊनही तिथे झोपण्याची खोली करायचीच असेल, तर अर्जाची वाट तुम्हाला वाटते तितकी बिकट नाही. काउंटीची प्लस नावाची ऑनलाइन प्रणाली आहे, तिच्यात खाते उघडून अर्ज आणि नकाशे चढवायचे. साध्या बेसमेंटसाठी वास्तुविशारदच लागतो असे नाही. आलेख कागदावर प्रमाणात काढलेला स्वच्छ नकाशा चालतो, पण त्यात आजची स्थिती आणि नियोजित स्थिती अशा दोन्ही गोष्टी हव्यात. प्रत्येक खोलीचे नाव आणि माप, छताची उंची, खिडक्यांची मापे, फर्नेस आणि वॉटर हीटरची जागा, धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, बाथरूमच्या जोडण्या हे सगळे दाखवा. छत राहत्या खोलीत ७ फूट लागते. तुळई किंवा हवा वाहून नेणाऱ्या डक्टखाली ६ फूट ४ इंचांपर्यंत सवलत मिळते. तुमच्याकडे डक्ट नेमका खोलीच्या मधून जातो, म्हणून ते माप टेपने घ्या, अंदाजाने लिहू नका. पायाची भिंत कापायची असेल, तर त्या भागाचा तपशील जाणकाराकडूनच करून घ्या. “मेकॅनिक्स लिएन एजंट” (कारागिरांच्या थकलेल्या पैशांपोटी घरावर येऊ शकणाऱ्या दाव्यांच्या सूचना घेणारा) अशी एक चौकट पाहून अनेकांना घाम फुटतो. असा एजंट नेमलेला नसेल तर तसे लिहायची मुभा असते.

तपासणाऱ्यांचे शेरे येतील, आणि ते आले म्हणजे अर्ज फेटाळला असे समजू नका. शेऱ्यांनुसार दुरुस्ती करून नकाशा परत चढवायचा, हाच इथला रिवाज आहे. काही अडले तर काउंटीच्या गव्हर्नमेंट सेंटरजवळच्या हेरिटी बिल्डिंगमध्ये जाऊन प्रत्यक्ष माणसाशी बोलता येते. जाताना झालेल्या कामाचे फोटो न्या, आणि फ्रेमिंग व वायरिंग आधीच झाले आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. काम काही काळ थांबणार असेल, तर परमिट मिळाल्यावर सहा महिन्यांत काम सुरू झाले नाही किंवा तेवढे दिवस बंद पडले, तर परमिट रद्द होते, हेही ध्यानात असू द्या.

परमिटच्या कागदात नसलेल्या तीन कामांकडेही लक्ष द्या. तुमच्या वसाहतीच्या एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, मंजुरी वेगळी लागते. काउंटीने हो म्हटले म्हणून समितीने हो म्हटले असे होत नाही, आणि खिडकीची विहीर बाहेरून दिसते. खोदाईच्या काही दिवस आधी ८११ वर फोन केला की गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्यांवर खुणा करून देतात. ते मोफत आहे आणि त्याशिवाय फावडे लावू नये. तिसरे काम रेडॉनचे, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूचे. फेअरफॅक्स काउंटी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) वर्गीकरणात रेडॉनच्या सर्वाधिक शक्यतेच्या पहिल्या विभागात येते. भिंती उघड्या आहेत तोवर चाचणीचा संच लावा. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक आले, तर तो वायू बाहेर काढणारा पाइप आताच बसवणे सोपे जाईल.

अमेरिकेत इतरत्र राहणाऱ्या वाचकांनी मात्र आपला अर्ज कोणाकडे जातो हे आधी पाहावे. व्हर्जिनियात शहरे काउंटीच्या बाहेर असतात, त्यामुळे पत्त्यात फेअरफॅक्स असले तरी घर शहरात आहे की काउंटीत हे पोस्टाच्या पत्त्यावरून कळत नाही. मालमत्ता कराची पावती पाहा. मेरीलँडमध्ये माँटगोमेरी काउंटी परमिट देते, पण रॉकव्हिल आणि गेथर्सबर्ग आपापली देतात. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनसारख्या ठिकाणी, काउंटीचा संबंधच नाही, तिथे टाउनशिपच्या बांधकाम अधिकाऱ्याकडे जायचे.

तुम्ही मात्र आज संध्याकाळी हॅन्डीमनला फोन करून पुढच्या आठवड्याचे काम थांबवा, मग सांगलीला फोन करा आणि वडिलांना नियमांबद्दल काही न समजावता फक्त विचारा की त्यांना वर झोपायला आवडेल की खाली. गॅरेजमधले ड्रायवॉलचे बोर्ड तसेच राहू द्यात. फक्त ते थेट काँक्रीटवर ठेवलेले असतील तर खाली लाकडी पट्ट्या घाला, नाहीतर पावसाळी हवेत त्यांच्या कडा ओल ओढतील.